शिबिराच्या जागेवर खुला रंगमंच बांधताना: उतार, आवाज आणि पाणी

निवासी शिबिराच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री एखादं मूल धीर करून पुढे येतं. दिवसभर ज्याचा आवाज कुणी ऐकलेला नसतो, ते गाणं म्हणायला उभं राहतं. हातात माईक दिला की ते बावरतं. माईक नसला तर आवाज तिसऱ्या ओळीपाशीच विरतो आणि मागची मुलं आपापसात बोलायला लागतात. खुला रंगमंच बांधायचा तो या मुलासाठी, असं मी मानतो. त्याचा न ओरडता काढलेला आवाज शेवटच्या ओळीत पोचला पाहिजे. जागा, दिशा, पायऱ्यांची मापं, मागची भिंत, सगळं या एका कसोटीवर ठरवत गेलात की निर्णय सोपे होतात.

पुढची सगळी आकडेमोड एका ठरावीक जागेसाठी केली आहे: पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मावळ-मुळशीच्या बाजूला डोंगरपायथ्याची मुरमाड जमीन, चार महिने धो धो पाऊस, आणि सव्वाशे मुलं, पंधरा-वीस ताई-दादा. कोकणात जांभ्याचा कातळ असेल किंवा मराठवाड्यात काळी माती असेल तर पाया आणि दगड बदलेल, पद्धत तीच राहील.

जागा: आधी जाऊन बसा

नकाशावर बोट ठेवून जागा ठरवू नका. एखादी सतरंजी घ्या आणि मनातल्या जागेवर संध्याकाळी सहा ते रात्री दहा बसा. जमलं तर एकदा डिसेंबरात, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात.

बसल्यावर आधी कान द्या. ओढ्याची खळखळ दिवसा गोड वाटते, पण ऑक्टोबरात ओढा भरलेला असताना तीच मुलांचे शब्द खाऊन टाकते. जनरेटर, पंप, घाटातल्या ट्रकचे गिअर, सगळं नोंदवा. मग रंगमंच जिथे होईल तिथे उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. समोरच्या कड्यावरून ती वेगळी टाळी म्हणून परत आली, तर तिथे बोललेलं प्रत्येक वाक्य दुहेरी ऐकू येणार. मुलांना प्रतिध्वनी आवडतो, पण नाटकाची त्यात वाट लागते. तोंड थोडं फिरवून पुन्हा टाळी वाजवा. पाच-दहा अंशांनी फरक पडतो.

नंतर वर बघा. झाडाच्या उंच फांदीवर किंवा कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ असेल तर ती जागा सोडा. शेकोटीचा धूर आणि रात्रीचे प्रखर दिवे, दोन्हींनी ती माशी उठते. वाळलेल्या फांद्यांखाली मुलं बसवू नका. जुना आंबा किंवा जांभूळ पाठीशी असावा, डोक्यावर नसावा.

वस्तीपासूनचं अंतरही पाहा. थंडीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि आवाज वर विरून न जाता खाली वाकून लांबवर जातो. दुपारी ज्या गावात काही ऐकू येत नाही, तिथे रात्री तुमचं प्रत्येक गाणं ऐकू येतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवती निदान १०० मीटरचा शांतता पट्टा जाहीर करता येतो. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावरच्या मैफली या शांततेच्या नियमापायीच थांबल्या. माईकशिवाय चालणारा रंगमंच बांधला की हा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

उतार मोजा, आणि कायदा बघा

उतार मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळीची पाणसळ आणि दोन काठ्या पुरतात. उताराच्या दिशेने ६ मीटर अंतरावर काठ्या रोवा, दोन्हींवर पाण्याची पातळी खूण करा, जमिनीपासूनच्या उंचीतला फरक काढा. फरक १ मीटर आला तर उतार १:६.

प्राचीन लोकांनी प्रेक्षागृहं डोंगराच्या कुशीत बसवली ती यासाठीच. ग्रीसमधल्या एपिडॉरस इथलं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं प्रेक्षागार टेकडीच्या उतारातच वसवलेलं आहे आणि त्यात सुमारे १४,००० माणसं बसू शकतात. आपल्याकडे आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याच्या उत्खननात इक्ष्वाकू राजघराण्याच्या काळातलं पायऱ्यांचं प्रेक्षागार सापडलं. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी ते हलवून अनुपू इथे पुन्हा रचलं गेलं. जमिनीने दिलेली चढण वापरायची, भराव घालून टेकडी उभी करायची नाही.

मात्र पुस्तकांमधून दिसणारा तो तीव्र उतार इथे शोधू नका. आपल्याकडच्या नियोजन नियमांत १:५ पेक्षा तीव्र उतारावर खोदकाम, भराव आणि बांधकाम यांवर कडक बंधनं आहेत. सह्याद्रीत दरडी कोसळताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्याचं कारण सांगायला नको. तेव्हा १:८ ते १:६ एवढी सौम्य चढण निवडा. सातबारा नीट वाचा, वनखात्याची हद्द लागून आहे का ते तलाठ्याकडे विचारा, अकृषिक वापर आणि झाडतोडीच्या परवानग्यांची चौकशी दगड आणण्याआधी करा.

दिशा

प्रेक्षकांची तोंडं उत्तरेला किंवा थोडी ईशान्येला असावीत. म्हणजे चढण त्यांच्या पाठीशी, दक्षिणेला-नैर्ऋत्येला. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे कलून मावळतो, मे महिन्यात वायव्येकडे. तोंड ईशान्येला असलं की दोन्ही ऋतूंत मावळतीचं ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत येत नाही. समोर उभ्या राहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर हिवाळ्यात थोडा वेळ ऊन येतं खरं, पण पाठीशी डोंगर असल्याने सूर्य लवकर आड होतो. सकाळची प्रार्थनाही इथेच घेणार असाल तर तोंड सरळ उत्तरेला ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात सकाळी सात वाजता सगळी रांग डोळे मिचकावत बसेल.

या दिशेची एक किंमत आहे. उत्तरेकडचा उतार उशिरा वाळतो, शेवाळ जास्त धरतो. ती किंमत मी देतो. शेवाळ घासून काढता येतं, सूर्य हलवता येत नाही.

आणखी एक फायदा. सूर्य मावळल्यावर डोंगरउताराची हवा गार होऊन खाली सरकते. वारा पडलेला असेल तर शेकोटीचा धूर प्रेक्षकांकडे न येता खाली दरीकडे जातो.

किती ओळी, केवढी कमान

आता कागद-पेन्सिल घ्या. रंगमंचाच्या मध्यात एक खुंटी आहे असं धरा. तिथून ६ मीटरवर पहिली ओळ, आणि प्रत्येक ओळ ९० सेंटीमीटर खोल. कमान १२० अंशांची, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा तिसरा हिस्सा. अर्धवर्तुळ दिसायला छान असतं, पण टोकाला बसलेल्यांना सगळं कडेने दिसतं आणि बोलणाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत कमी जातो.

पहिल्या ओळीची लांबी सुमारे १२.६ मीटर येते आणि प्रत्येक पुढची ओळ जवळपास १.९ मीटरने वाढते. सहा ओळींची बेरीज १०३ मीटरच्या थोडी वर. त्यातून १.२ मीटर रुंदीच्या दोन चढायच्या वाटा प्रत्येक ओळीतून वजा केल्या की ८९ मीटर उरतात. आपली मुलं फार वेळ पाय सोडून बसत नाहीत, मांडी घालतात. म्हणून माणशी ४५ नाही, ६० सेंटीमीटर धरा. १४८ जागा झाल्या. सव्वाशे मुलं आणि ताई-दादा आरामात बसतात.

शेवटच्या ओळीतलं मूल मध्यापासून साधारण ११ मीटरवर राहतं, आणि हाच या मापांचा गाभा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सातवी, आठवी, नववी ओळ वाढवायचा मोह होईल, ‘पुढच्या वर्षी मुलं वाढली तर’ असं कुणीतरी म्हणेलच. मुलं वाढली तर दोन गट करा, दोन रात्री कार्यक्रम घ्या. ओळी वाढवून मागच्यांना परकं करू नका.

पायऱ्या

बैठकीच्या पायरीची उंची मुलांसाठी ३५ सेंटीमीटर ठेवा. मोठ्यांच्या सोयीने ४५ केली की आठ-दहा वर्षांच्या मुलांचे पाय लोंबकळतात आणि अर्ध्या तासात चुळबुळ सुरू होते. ९० सेंटीमीटर खोलीत पुढचे ४५ बसायला, मागचे ४५ मागच्या ओळीच्या पायांसाठी. मांडी घालणारा सगळी खोली वापरतो.

सहा ओळी गुणिले ३५ म्हणजे एकूण २.१ मीटर चढण हवी. १:६ च्या उतारावर या ५.४ मीटरच्या पट्ट्यात जमीन स्वतःहून ९० सेंटीमीटरच चढते. उरलेले १.२ मीटर तुम्हाला मिळवायचे आहेत. ते अर्धे-अर्धे वाटा: पहिल्या ओळीपाशी ६० सेंटीमीटर खणा, आणि शेवटच्या ओळीपाशी तेवढाच भराव करा. निघालेली मातीच वर जाते, बाहेरून आणायची माती कमी होते. रंगमंचाची आतली बाजू अशी खोदलेल्या कडक जमिनीत येते आणि बाहेरची, दरीकडची बाजू भरावावर. भरलेल्या जागी मुरूम १५-२० सेंटीमीटरच्या थरांनी टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा. एकदम मीटरभर ओतून वरून रोलर फिरवलात तर पहिल्याच पावसात तो बसेल.

चढायच्या वाटांवर बैठकीच्या प्रत्येक पायरीला दोन पायऱ्या द्या, म्हणजे साडेसतरा सेंटीमीटरची एक, जिन्यासारखी. कडेला पांढरा पट्टा आणि निदान एका बाजूला धरायला पाईप. रात्री झोपाळलेली मुलं उतरतात तेव्हा त्याची गरज कळते. पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांना व्हीलचेअरसाठी सपाट जागा सोडा आणि तिथपर्यंत १:१२ पेक्षा तीव्र नसलेली वाट आणा. ही वाट नंतर जोडता येत नाही, आखणीतच धरावी लागते.

रंगमंच आणि पाठीमागची भिंत

उंच स्टेज बांधू नका. प्रेक्षक वर बसलेत, दिसायची अडचण नाही. मूल जमिनीवर उभं असलं की ते सगळ्यांमध्ये असतं. तीन फूट उंच चौथऱ्यावर ते एकटं पडतं. सिंधुदुर्गातला दशावतार देवळाच्या आवारात, लोकांच्या मधोमध, एका बाकड्यावर उभा राहतो, आणि त्या बाकड्याचं सिंहासनही होतं. शिबिरातल्या नाटुकल्यांना एवढं पुरतं.

८ मीटर व्यासाचं वर्तुळ ठेवा. वीसेक मुलांचं लेझीमचं रिंगण त्यात बसतं, आणि पहिल्या ओळीपर्यंत २ मीटरची मोकळी पट्टी उरते. ती पाण्याच्या चरासाठी आणि येण्याजाण्यासाठी लागेलच. जमीन मुरूम-मातीची, चोपून घट्ट केलेली असावी. मुलं अनवाणी नाचतात, त्यांना फरशीपेक्षा ती बरी.

भिंतीबद्दल वाद होतात. सगळ्यांना रंगमंचाच्या मागे दरीचं दृश्य हवं असतं, मलाही हवं असतं. पण समोर उघडी दरी असली की बोलणाऱ्याचा मागे जाणारा आवाज कायमचा जातो. पाठीमागे दोन-तीन मीटरवर कडक दगडी भिंत असेल तर तो आवाज परत फिरतो आणि काही मिलिसेकंदांत मूळ आवाजात मिसळतो. कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच भरदार ऐकू येतो. तोडगा असा: ६ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर उंच एवढीच भिंत, दोन्ही बाजूंना दृश्य मोकळं. तिच्यामागे मुलांना वेष बदलायला आडोसाही होतो. भिंत सरळ ठेवा. आतल्या बाजूला खोलगट कमान केली तर आवाज एकाच जागी गोळा होतो, तिथल्या दोघा-तिघांना गडगडाट आणि बाकीच्यांना काही नाही.

ही भिंत भरावाच्या बाजूला येते. तिचा पाया भरावावर थांबवू नका, खालच्या कडक मुरमापर्यंत न्या. इथे आणि भरावाच्या बाहेरच्या कडेला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्याच, ओळखीच्या गवंड्याच्या अनुभवावर सोडू नका.

पाणी

रंगमंच म्हणजे पाण्याच्या नजरेतून एक मोठं ताट. सगळी मिळून २०० चौरस मीटर जागा धरली आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो या पट्ट्यात जुलैमध्ये नवलाचा नाही, तर त्या ताटात २०,००० लिटर पाणी पडतं. दोन मोठे टँकर. वरच्या डोंगरावरून वाहत येणारं वेगळंच.

म्हणून पहिला चर शेवटच्या ओळीच्या वर, दीड-दोन मीटर अंतरावर. ४५ सेंटीमीटर रुंद, ३० खोल, तळाला दगडाचं पिचिंग म्हणजे बसवलेल्या दगडांचं अस्तर, दोन्ही बाजूंना उतार. डोंगराचं पाणी बैठकीत शिरायच्या आधीच वळलं पाहिजे. चर जिथे संपतो तिथे पाणी नुसतं सोडून देऊ नका, मोठे दगड पसरून त्याचा जोर मोडा, नाहीतर दोन वर्षांत तिथे घळ पडेल. कडेने वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

बैठकीच्या प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला मीटरला २ सेंटीमीटर उतार द्या. सपाट पायरीवर डबकं साचतं, मग शेवाळ, मग पाय घसरतो. पायऱ्यांवरून उतरलेलं पाणी पहिल्या ओळीपुढच्या चरात गोळा करा, आणि तो चर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून दरीकडे उघडा सोडा.

उघडा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आमच्या पहिल्या रंगमंचात आम्ही रंगमंचाखालून पाईप काढला होता. दिसायला सुबक होतं, चर कुठे दिसत नव्हता. जून सरायच्या आत सागाच्या पानांनी पाईपचं तोंड बुजलं. पाणी भरावात मुरलं आणि सकाळी पाहिलं तर बाहेरची कड हातभर खचलेली. त्या वर्षीची मुलं आम्ही जेवणाच्या शेडमध्ये बसवली. उघडा चर खराट्याने पाच मिनिटांत साफ होतो.

दगड कुठला

काळा दगड टाकी मारलेला, खडबडीत घ्या. कापून गुळगुळीत केलेला ओला झाला की निसरडा होतो. जांभा घडायला सोपा आणि बसायला आल्हाददायक, पण पाणी पितो आणि लवकर हिरवा पडतो. काँक्रीट मे महिन्यात दिवसभर तापतं आणि रात्री आठपर्यंत ऊब सोडत राहतं, त्यावर सतरंजी लागतेच. मी बसण्याच्या पुढच्या पट्टीला दगड आणि पाय ठेवण्याच्या मागच्या पट्टीला दाबलेला मुरूम वापरतो. दोन्हींची पातळी एकच, म्हणजे मध्ये पाणी अडत नाही.

शेतातल्या तालीसारखी कोरडी रचाई सुंदर दिसते आणि पाणी आपोआप झिरपू देते. पण त्या फटींत विंचू राहतात, फुरसं राहतं. मुलांच्या पिंढऱ्या नेमक्या तिथे टेकतात. म्हणून समोरच्या बाजूचे सांधे चुना-सिमेंटने भरा आणि पाणी निघायला ठरावीक अंतराने नळीची भोकं ठेवा, तोंडाला बारीक जाळी लावून.

शेकोटी आणि दिवे

शेकोटी लोखंडी शेगडीत, खाली विटांचा थर. ओढ्यातले ओले गोटे भोवती रचू नका, तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. शेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि पाण्याचं पिंप. जानेवारीपासून आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं, रंगमंचाभोवती तीन-चार मीटरचा पट्टा साफ करून जाळरेषा ठेवा.

दिवे कमी आणि पिवळट. पांढऱ्या निळसर उजेडाला किडे जास्त येतात. दोन बाजूंनी तिरके दोन दिवे रंगमंचावर, आणि वाटांच्या पायऱ्यांच्या कडेखाली लहान पट्ट्या. सगळी वायर जमिनीखालून पाईपमधून, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक स्विच. सगळे दिवे एकाच बटणाने बंद होतील असं करा. आकाशदर्शनाच्या रात्री ते बटण तुम्हाला फार आवडेल.

कामाचा क्रम

खणायच्या आधी आखणीसाठी चुन्याची फक्की टाका. मध्ये खुंटी ठोका, दोरीने सहाही कमानी आखा आणि उतारावर रिकामी पोती अंथरून वीस-पंचवीस जणांना बसवा, काहींना मुद्दाम शेवटच्या ओळीच्या टोकांना. एका लहान मुलाला मध्ये उभं करून त्याला हवं ते सांगू द्या, कविता, चुटकुला, घरचा पत्ता. टोकाच्या माणसांनी ऐकलेलं कागदावर लिहायचं. शब्द सुटत असतील तर खुंटी हलवा, पुन्हा आखा. आम्ही एकदा तीन वेळा फक्की पुसली होती, आणि तिसऱ्यांदा ठरलेली जागा पहिल्या जागेपासून जेमतेम बारा पावलांवर होती.

खोदकाम आणि भराव नोव्हेंबरात सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत संपवा. वरचा चर सगळ्यात आधी पुरा करा, बैठका नंतर. पहिल्या वर्षी दगड बसवू नका. मातीच्या पायऱ्या नीट चोपून, त्यावर गवत लावून एक शिबिर तसंच घ्या. एक पावसाळा जाऊ द्या, बसायचा तो भराव बसू द्या. दगड पुढच्या हिवाळ्यात.

आणि त्या पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या एखाद्या झडीच्या दिवशी, छत्री आणि फावडं घेऊन दोन तास तिथे उभे राहा. पाणी कुठून शिरतंय, कुठे थांबतंय, कुठल्या कोपऱ्यातून गढूळ निघतंय ते बघा आणि तिथे तिथे खुंट्या ठोका. गढूळ पाणी म्हणजे तिथली माती जातेय. हिवाळ्यात गवंडी येईल तेव्हा काम त्या खुंट्यांपासून सुरू करायला सांगा.